बघायचे पैसे

“बघायचे कसले पैसे, ताई?” असे म्हणून मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि ते शेजारी उभ्या असलेल्या रिक्षाकडे वळले. सप्टेंबर 2023 मधली ती सकाळ होती. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे गॅरेजपुढच्या मातीत टायरांच्या नक्ष्या उमटल्या होत्या आणि हवेत पेट्रोल, ओली माती आणि टपरीवरचा आल्याचा चहा यांचा मिसळलेला वास होता. त्यांनी माझी गाडी जॅकवर घेऊन, चाक फिरवून, सहा-सात मिनिटांत तिचे दुखणे सांगितले होते आणि मी पर्स उघडून उभी होते. त्यांचा नकार भिडेचा नव्हता. ‘असू द्या, असू द्या’ म्हणत माणसे शेवटी घेतात, तसा तो प्रकार नव्हता. त्यांना माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला होता. पार्ट बदलला तर पार्टचे पैसे, खोलले-जोडले तर मजुरी. नुसते बघितल्याचे कोण घेतो? मी पर्स मिटली. चारच दिवसांपूर्वी, रात्री दहा वाजता, ज्यांचा चेहराही मी पाहिलेला नाही अशा एका तज्ज्ञांना याच दुखण्याबद्दल विचारण्यासाठी मी मोबाईलवरून 699 रुपये भरले होते, आणि भरताना क्षणभरही थांबले नव्हते.

त्या मिटलेल्या पर्सचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

गाडीतला आवाज पहिल्यांदा लक्षात आला तो खंबाटकीच्या बोगद्यात. माहेरी, वाईला, दोन दिवस राहून मी एकटीच परत निघाले होते. सुरूरच्या फाट्याला महामार्गाला लागले तेव्हा काच चार बोटे खाली होती आणि बाहेरून ओल्या गवताचा वास येत होता. एरवी आपल्या गाडीचा आवाज आपल्याला पुरता ऐकू येत नाही, तो मोकळ्या रानात निघून जातो. बोगद्यात मात्र भिंती तो परत पाठवतात. इंजिनाच्या ओळखीच्या सुराखाली मला आणखी एक सूर ऐकू आला, खालच्या पट्टीतला, अखंड, पहाटे माजघरातून येणाऱ्या जात्याच्या घरघरीसारखा. बोगदा संपला तसा तो विरला आणि मला भास वाटला. पण एकदा कानाने पकडल्यावर शिरवळ, नीरेचा पूल, खेड शिवापूरचा टोलनाका असा तो पुण्यापर्यंत माझ्या सोबत आला. वेग 60 च्या पुढे गेला की तो उठायचा, 80 ला सगळ्या गाडीत भरून राहायचा आणि 40 च्या खाली नाहीसा व्हायचा. गाडी 2014 सालची, पेट्रोलवरची, लहानशी. ती मी माझ्या पगारातून घेतली आहे आणि निवृत्तीनंतर कुठे जायचे तर ‘कोण सोडेल’ असे विचारण्याची वेळ तिने माझ्यावर येऊ दिलेली नाही. तिच्या आत कुठेतरी काहीतरी झिजत आहे, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका अधिकृत सेवा केंद्रात नेली. काचेपलीकडे स्वच्छ फरशीवर गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि गणवेशातल्या मुलाने टॅबवर माझे नाव, किलोमीटर, पेट्रोलची पातळी सारे नीट टिपून घेतले. आवाज कधी येतो, कधी जातो, हे मी सांगू लागले तेव्हा त्याने मान डोलावली आणि ‘सस्पेन्शन नॉईज’ असे दोन शब्द लिहिले. गाडी चालवून आवाज ऐकायला कोणीही माझ्यासोबत आले नाही. संध्याकाळी मोबाईलवर अंदाजपत्रक आले: पुढचे दोन्ही हब बेअरिंगसह, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, बुश, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, एकूण 28,400 रुपये, शिवाय चारही टायर बदलण्याची शिफारस. यातले आवाजाचे कारण नेमके कोणते, हे विचारायला मी फोन केला, तर तो मुलगा अदबीने म्हणाला, “सर आहेत का घरी? त्यांना समजावून सांगतो.” मी 34 वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारलेला प्रश्न मी कधी त्याच्या बापाला समजावून सांगितला नाही. गाडी मी तशीच परत आणली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी मोबाईल घेऊन बसले. गाड्यांच्या बिघाडांवर पैसे घेऊन सल्ला देणारे तज्ज्ञ ऑनलाइन मिळतात, हे मला भाच्याकडून ठाऊक होते. अर्ध्या तासाचे 699 रुपये होते. पुढे आलेल्या पावतीवर मूळ रक्कम 592 रुपये 37 पैसे, वर 18 टक्के जीएसटी, आणि त्या रकमेपुढे ‘सल्ला शुल्क’ असे स्वच्छ छापलेले होते. पैसे भरल्यावर रकाने उघडले: गाडीचे वर्ष, इंधन, धावलेले किलोमीटर, शेवटची सर्व्हिसिंग, टायर कधी घेतले. सर्वांत शेवटी एक मोठा कोरा चौकोन होता आणि त्यावर लिहिले होते की, अडचण तुमच्या शब्दांत सांगा. त्या चौकोनात मी पंधरा ओळी लिहिल्या. दिवसभरात ज्या तक्रारीला दोन शब्द मिळाले होते, तिला पंधरा ओळींची जागा मिळाली आणि उत्तर यायच्या आधीच माझे मन निम्मे शांत झाले. पैसे दिले ते उत्तरासाठी की त्या कोऱ्या चौकोनासाठी, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

फोन कोइमतूरहून आला. हिंदी थोडे अडखळणारे होते, पण बोलणे संथ, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणारे. त्यांनी 22 वर्षे कार्यशाळेत काम केले होते आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर हा मार्ग धरला होता. गाडी चालवताना फोन चालू ठेवून आवाज ऐकवू का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्याचा उपयोग होणार नाही. बोलताना मोबाईल माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतो आणि मागे सतत चाललेला एकसुरी आवाज गाळून टाकतो. म्हणजे माझी जी तक्रार होती, नेमकी तीच त्या यंत्राच्या लेखी केर होती. रेकॉर्डरवर टिपून उद्या पाठवा, तोवर तोंडाने सांगा, असे ते म्हणाले. अमेरिकेत माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते; पंधरा वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले असताना शनिवारी सकाळी तिच्या गाडीतल्या रेडिओवर टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ बोलत असायचे. दोघेही अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले, बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये गॅरेज काढलेले, आणि 1977 पासून बोस्टनच्या रेडिओवर लोकांच्या गाड्यांची दुखणी ऐकणारे. फोन करणारी मोठमोठी माणसे तोंडाने गाडीचे आवाज काढून दाखवायची आणि बहिणीला हसू आवरायचे नाही. त्या रात्री मीही फोनवर तोच आवाज काढला, आणि मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही.

मराठीत अशा आवाजांना केवढे शब्द आहेत! खडखड, खरखर, कुरकुर, टकटक, फुरफुर, घरघर, गुणगुण. शाळेत मी हे ‘अनुकरणवाचक शब्द’ म्हणून फळ्यावर लिहायची आणि पुढच्या धड्याकडे वळायची. गाडीच्या माणसाला मात्र त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या ठिकाणी नेतो. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच कुईं करतो तो सैल पडलेला बेल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना टकटक येते ती इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या सीव्ही जॉइंटची. खड्ड्यातली खडखड पुष्कळदा लिंक रॉडची. ब्रेक दाबल्यावर लोखंडाला लोखंड घासल्याची किंकाळी उठली तर ब्रेक पॅड संपले असे समजायचे. मी ‘घरघर’ म्हटले. त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला एखाद्या चांगल्या वाचकाने कवितेबद्दल विचारावा तसा वाटला: “मॅडम, उस में कंकड़ है, या साफ़ है?” घरघरीत खडे आहेत का? मी डोळे मिटून आठवले. 60 ला ती साफ होती, 80 ला तिच्यात बारीक रवा मिसळल्यासारखा वाटत होता. “अच्छा,” ते म्हणाले, आणि पलीकडे पेन कागदावर चालल्याचे मला ऐकू आले.

मग त्यांनी एकेक शक्यता बाजूला काढली. इंजिनाचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो आणि चाकाचा गाडीच्या वेगाबरोबर; म्हणून मोकळ्या, सरळ रस्त्यावर 80 चा वेग आला की क्षणभर गाडी न्यूट्रल करायची. आवाज तसाच राहिला तर इंजिनाला सोडून द्यायचे. लांबलचक वळणावर डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दुखणे उजवीकडे, उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडे. टायरच्या नक्षीवरून दोन्ही दिशांनी तळहात फिरवायचा. एका दिशेने ती गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी लागली तर टायर वेडावाकडा झिजलेला आहे, आणि असा टायरही, चाक ज्यावर फिरते त्या झिजलेल्या बेअरिंगसारखा हुबेहूब घुमतो. म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघायचे. आवाज टायरांबरोबर मागे गेला तर टायर, जागच्या जागी राहिला तर बेअरिंग. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात वाचायला लावले. 3218. म्हणजे 2018 सालच्या 32 व्या आठवड्यात तयार झालेला टायर. पाच वर्षे त्या आकड्यांवरून गाडी धुताना माझा हात फिरला होता. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म किंवा त्यातले रबरी बुश झिजले तर खड्ड्यात ठोके पडतात, ते असे एकसुरात घुमत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही, असे मी म्हणताच ते म्हणाले की बेअरिंगसाठी माझ्या गाडीत दिवाच नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडले तरी ते याबद्दल मुकेच राहील. आणि शेवटी, वेळ संपत आली असताना: “मी तुमची गाडी पाहिलेली नाही. ही सगळी माझी अटकळ आहे. काहीही बदलण्याआधी कोणीतरी चाक उचलून त्याला हात लावला पाहिजे. तोवर लांबच्या प्रवासाला नेऊ नका.”

पैसे घेऊन बसलेल्या माणसाने आपल्या ज्ञानाची कड अशी स्वतः दाखवावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी वारज्याहून बाह्यवळण मार्गाला लागले. रस्ता ओला होता, ट्रकच्या मागच्या चाकांतून पाण्याची धूळ उडत होती. न्यूट्रल केले, आवाज राहिला. डावीकडच्या वळणावर तो वाढला, उजवीकडच्या वळणावर बसला. मी तेच पुन्हा केले, कारण पहिल्यांदा माझा माझ्यावरच विश्वास बसेना. घराजवळच्या पंक्चरवाल्याने 200 रुपयांत टायरांची अदलाबदल करून दिली. आवाज जिथे होता तिथेच राहिला. टिपलेला आवाज आणि हे सगळे मी कोइमतूरला कळवले आणि तासाभरात लेखी उत्तर आले: उजवीकडचे, बहुधा पुढचे बेअरिंग, दुसऱ्या बाजूचे बदलण्याचे कारण दिसत नाही.

मग मी मिस्त्रींकडे गेले. ते मूळचे अक्कलकोटकडचे, पत्र्याच्या शेडमध्ये बारा-तेरा वर्षे गॅरेज चालवणारे. कोइमतूरच्या तज्ज्ञांबद्दल मी त्यांना काहीही सांगितले नाही. आवाज येतो, एवढेच म्हटले. खरे तर मला दोन उत्तरे जुळतात का, हे पाहायचे होते; एका माणसाला न सांगता त्याची परीक्षा घ्यायची होती, आणि त्याची खंत मला आजही आहे. त्यांनी गाडीतून एक फेरी मारली, परत आले, काही न बोलता उजवीकडचे पुढचे चाक जॅकवर उचलले. वर-खाली धरून हलवले, प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. मग एका हाताने चाक जोरात फिरवले आणि दुसरा हात चाकामागच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवला. त्यांचे डोळे त्या वेळी कुठेच बघत नव्हते. “या, हात लावा,” ते मला म्हणाले. मी गुडघ्यावर बसले आणि चिखलाने खरबरीत झालेल्या स्प्रिंगवर तळवा टेकवला. त्यांनी चाक पुन्हा फिरवले, आणि माझ्या तळव्याखाली ते आले: बारीक, सलग, दाणेदार, जात्यात ओंजळभर जोंधळे राहिले असताना खुंट्याला लागते तसे. डावीकडच्या चाकाच्या स्प्रिंगवर हात ठेवला तर काही नाही, नुसते थंड लोखंड. “स्प्रिंग सांगते,” ते म्हणाले. “बेअरिंग गेलंय, हे एकच. बाकी काय करू नका.” कोइमतूरला तर्काच्या काठीने चाचपडत जिथे पोहोचायला अर्धा तास आणि एक पहाट लागली होती, तिथे हा हात सहा-सात मिनिटांत पोहोचला होता. दोन्ही उत्तरे एकच होती. मी पर्स उघडली ती तेव्हा.

वाईत आमच्या लहानपणी डॉक्टरांकडे जाताना घरून रिकामी बाटली न्यावी लागायची. कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरायचा आणि कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणांसाठी बाटलीला चिकटवायचा. पैसे त्या बाटलीचे असायचे. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, जीभ पाहिली, पोट दाबले, दहा प्रश्न विचारले, याचे वेगळे काही नसे. एखाद्या वेळी ते म्हणायचे की औषधाची गरज नाही, ताकभात द्या, दोन दिवसांत उतरेल. तेव्हा आई पैसे न देता घरी यायची आणि थोडी नाराजही असायची, की डॉक्टरांनी काही दिलेच नाही. आता मला त्या लाल औषधाचा विचार येतो. जिथे बघण्याला किंमत नसते तिथे बघणाऱ्याला आपली किंमत कशात तरी मिसळावी लागते, बाटलीत नाही तर लोअर आर्ममध्ये. सेवा केंद्रातल्या त्या मुलावरचा माझा राग गेलेला नाही, पण त्याच्या टॅबवर ‘ऐकले’ असा रकाना नव्हता, एवढे मला आता दिसते. तिथे जे काही होते ते सुट्या भागांच्या नावाने होते. बहिणीने सांगितले की तिकडे गाडी गॅरेजात नेली की बिघाड शोधण्याचे शंभर-दीडशे डॉलर वेगळे लागतात, पुढे काम तिथेच केले तर काही ठिकाणी ते बिलातून वजा होतात. आधी हे ऐकून मला ती लूट वाटली असती.

माझे मामा दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते आतले ऐकायचे. रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावरून त्यांना कोणीही उठवून न्यायचे: कोणाची स्कूटर, कोणाचा टेम्पो, कोणाच्या लग्नाची जीप. मामा हात धुऊन जायचे, तास-दोन तासांनी काळ्या हातांनी परत यायचे, आणि मामी परत भाकरी गरम करताना म्हणायची, “चहासुद्धा आपल्याच घरचा प्यायलेत लोक.” मामांना त्यात कमीपणा वाटत नसे. टेम्पोवाल्याने कधी कांद्याचे पोते आणून टाकले, कोणी हापूसची पेटी पाठवली, मामा दवाखान्यात होते तेव्हा रात्री तीन वेगवेगळे ड्रायव्हर आळीपाळीने उशाशी बसले. त्या बघण्याचा हिशेब असा फिटला असे म्हणता येईल. पण मामीच्या दोन वेळा गरम केलेल्या भाकरीचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि मामांच्या कानात काय साठले होते ते मामांबरोबर गेले. ते त्यांना कोणी अर्ध्या तासाच्या हिशेबाने विचारले असते तर ते उठून गेले असते का, अपमान वाटून घेतला असता का, हे मी पुष्कळदा मनात चालवून पाहते. एकदाही तेच उत्तर येत नाही.

दुरुस्तीला लागले 2,350 रुपये. नाना पेठेतून मागवलेले बेअरिंग 1,350 चे, लेथवाल्याकडे प्रेसवर जुने काढून नवे बसवायचे 300, मजुरी 700. जुने बेअरिंग मिस्त्रींनी माझ्या हातात दिले आणि मी ते घरी आणले आहे. फिरवले की अजूनही त्यात रवा लागतो. तज्ज्ञांचे 699 आणि पंक्चरवाल्याचे 200 धरूनही मी किती वाचले हे उघड आहे. पण महिनाभराने मोबाईलवर संदेश आला की उद्या तुमच्या खात्यातून सदस्यत्वाचे 499 रुपये वळते होतील. पैसे भरताना कुठेतरी एक खूण आधीपासून लावलेली होती आणि ती मी काढली नव्हती. वळत्या रकमेची सूचना निदान 24 तास आधी देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2021 पासून लागू केले आहे, म्हणून तो संदेश आला आणि म्हणून मला ते थांबवता आले. ज्यांनी मला इतक्या सचोटीने उत्तर दिले त्या माणसाच्या पाठीमागे असे काही उभे असावे, याने मन खट्टू झाले. त्या 699 मधले त्यांच्या हाती किती पडले असतील, हा विचारही तेव्हाच पहिल्यांदा आला.

यंदाच्या जानेवारीत भाचीला जुनी गाडी घ्यायची होती. सांगलीची नोंदणी, एमएच 10, 2017 चे मॉडेल, थोडी चाललेली, किंमत बेताची, आतून अत्तराचा वास. मी मिस्त्रींना म्हटले की माझ्यासोबत हडपसरपर्यंत चला, आणि हे काम फक्त बघण्याचे आहे, यात पार्ट नाही आणि मजुरीही नाही, तर तुमचे पैसे आधी सांगा. ते बराच वेळ गप्प राहिले. कोणत्याही गाडीच्या क्लच प्लेटची किंमत त्यांना झोपेत विचारली तरी सांगता येते. “काय सांगू?” ते म्हणाले. “तुम्हीच द्या काय ते.” तिथे त्यांनी बॉनेट उघडायच्याही आधी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या आतल्या टोकाला, एरवी गुंडाळलेल्या भागात, फिकट तपकिरी रेघ होती. मग सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले, तिथे गंज. गालिच्याची कड उचलून बोट फिरवले, बोटाला वाळलेला बारीक गाळ. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, तेव्हाची ती कृष्णेची माती असावी. वाईच्या घाटावर लहानपणी आमच्या पायांना लागायची तीच नदी. मिस्त्रींनी सोबत आलेल्या हाताखालच्या पोराला जवळ बोलावले, रेघेवर बोट ठेवले आणि हळूच म्हणाले, “बघ, इथपर्यंत पाणी होतं.”

गाडी घेतली नाही. परतताना मी 700 रुपये त्यांच्या हातात ठेवले, तर त्यांनी ते परत माझ्यापुढे धरले. “ताई, काम झालंच नाही ना. गाडी तर घेतली नाही तुम्ही.” मी त्यांना समजावू लागले की भाचीचे साडेतीन लाख वाचले, हेच काम, मी कोइमतूरचे सगळे सांगितले, परीक्षा घेतल्याचेही सांगितले, 592 रुपये 37 पैशांच्या पावतीचेही. ते लक्ष देऊन ऐकत होते. परीक्षेच्या गोष्टीवर ते काही बोलले नाहीत. “त्यांना गाडी न बघता कळलं?” एवढेच त्यांनी विचारले, आणि त्या विचारण्यात आदर होता. पैसे शेवटी त्यांनी घेतले, त्यातले 200 मागे बसलेल्या पोराला दिले आणि उरलेले खिशात न ठेवता मुठीतच धरून ठेवले. मगरपट्टा मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, मी वेग वाढवला, आणि त्यांनी एकाएकी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. “जरा काच खाली घ्या,” ते म्हणाले. मी घेतली. थंड वारा आत आला. मागे पोरगाही हालचाल थांबवून बसला होता.

“डावीकडचं पण सुरू झालंय. अजून वेळ आहे त्याला, पण सुरू झालंय.”

मी रेडिओ बंद केला, श्वास धरला, पुढच्या सिग्नलपर्यंत कान देऊन गाडी चालवली. मला काहीच ऐकू आले नाही.